पुस्तकांनी राजवटी बदलतात का? एका रास्त शंकेचं सविस्तर उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: "हॉब्ज, लॉक, माँटेस्क्यू, व्हॉल्टेअर, रूसो, प्रत्येकाचे पाच-पाच मुद्दे पाठ झालेत. पण मनाला पटत नाही. त्या काळात वाचता येणारे किती, त्यातून पुस्तक विकत घेणारे किती? मग या चार-पाच जणांनी लिहिलं आणि राज्याची नि समाजाची कल्पनाच बदलली, असं आमच्या पुस्तकात छापतात ते कशाच्या जोरावर?"

शंका रास्त आहे, आणि ती तुम्हाला आली याचा मला आनंद आहे. मी २७ वर्षं पदवीच्या वर्गाला पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवते. मुद्दे पाठ करून पास झालेली मुलं खूप पाहिली, ही शंका विचारणारी कमी.

आधी एका शब्दाचा गोंधळ मिटवते. शाळेत आपण 'प्रबोधनकाळ' शिकतो तो रेनेसान्स, म्हणजे लिओनार्दो, मायकेलअँजेलो वगैरे. तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ते त्यानंतरचे, साधारण १६५० ते १८०० मधले. त्या काळाला मराठीत 'ज्ञानोदय' म्हणतात. उत्तरपत्रिकेत या दोन काळांची सरमिसळ दरवर्षी होते.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, पुस्तकांमुळे क्रांती झाली का? दोन, या लोकांमुळे नक्की काय बदललं? पहिल्याचं उत्तर देशागणिक बदलतं. दुसऱ्याचं मात्र बरंच ठामपणे देता येतं.

पहिल्याबद्दल तुमचा संशय बऱ्याच अंशी बरोबर आहे. क्रांतीच्या आधीच्या फ्रान्समध्ये लग्नाच्या नोंदवहीत स्वतःची सही करू शकणारे पुरुष निम्म्याच्या आसपास होते, बायका पाव हिश्शाहून थोड्या जास्त. १७८९ च्या वसंतात गावोगावच्या लोकांनी राजाकडे तक्रारींच्या वह्या पाठवल्या. त्या वाचल्या तर त्यांत रूसो सहसा सापडत नाही. मिठावरचा कर सापडतो, सरदाराची कबुतरं येऊन पेरलेलं बी खातात पण त्यांना मारायला आम्हाला बंदी, ही तक्रार सापडते. खजिना रिकामा होता कारण अमेरिकेच्या लढाईत इंग्लंडला नमवायला फ्रान्सने कर्ज काढून पैसा ओतला होता. १७८८ चं पीक बुडालं आणि पुढच्या उन्हाळ्यात पाव आवाक्याबाहेर गेला. हे सगळं कुठल्याही तत्त्वज्ञाने घडवलेलं नाही. अमेरिकेत तर वसाहतींच्या स्वतःच्या विधानसभा आधीपासून होत्या, लोकांना कारभाराची सवय होती. प्रशिया आणि ऑस्ट्रियात गोष्ट उलटीच झाली, तिथे राजे-राण्यांनी वरून काही सुधारणा आणल्या आणि सिंहासनं जागच्या जागी राहिली. तेव्हा "पुस्तक वाचलं, राजा पाडला" असं सरळ गणित कुठेच बसत नाही.

मग बदललं काय? माझ्या मते एकच गोष्ट, पण पायाची. सत्तेला कारण द्यावं लागायला लागलं. आधी जाब फक्त प्रजेला विचारला जायचा: तू हुकूम का मोडलास? हळूहळू तो उलट दिशेने विचारता येऊ लागला: हुकूम द्यायचा अधिकार तुला कुणी दिला, आणि हा हुकूम कशासाठी?

हे किती नवं होतं ते समजायला विरुद्ध बाजू वाचावी लागते, आणि ती आपण मुलांना कधीच वाचायला देत नाही. रॉबर्ट फिल्मर नावाचा इंग्रज सरदार होता. त्याचं म्हणणं असं की देवाने आदमला साऱ्या जगावर बापाचा अधिकार दिला, तो वारशाने उतरत राजांकडे आला, म्हणून राजाला प्रश्न विचारणं म्हणजे बापाला प्रश्न विचारणं. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये छापलं गेलं आणि राजाच्या बाजूच्या लोकांनी ते हातोहात उचललं. आज तो युक्तिवाद पोकळ वाटतो. पण "घरात बापाचा शब्द, राज्यात राजाचा" ही कल्पना किती खोल बसलेली असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. लॉकच्या प्रसिद्ध ग्रंथाचा अख्खा पहिला भाग, जो कुणीच वाचत नाही, तो या एका फिल्मरला खोडून काढण्यात गेला आहे. इतकं बळ त्या कल्पनेत होतं.

हॉब्जकडे या अंगाने पाहा. पाठ्यपुस्तक सांगतं, हॉब्ज राजेशाहीचा समर्थक. खरं आहे, त्याला अनिर्बंध सत्ता हवी होती. इंग्लंडचं यादवी युद्ध आणि १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद त्याच्या हयातीत घडला होता, आणि अराजकापेक्षा काहीही परवडलं हे त्याचं ठाम मत. पण १६५१ च्या ग्रंथात तो राजाला ती सत्ता कुठून देतो? देवाकडून नाही, आदमकडून नाही. भेदरलेली साधी माणसं जीव वाचवायला आपसांत करार करतात, त्यातून. म्हणूनच राजनिष्ठ मंडळींनाही त्याचा भरवसा वाटेना. राजाच्या हाती त्याने तलवार दिली, पण ती कशासाठी दिली हेही सांगितलं, आणि "कशासाठी" आलं की "जमत नसेल तर?" हा प्रश्न येतोच.

तो प्रश्न लॉकने विचारला. इथे इंग्रजी शब्द महत्त्वाचा आहे, कारण आपल्या भाषांतरांत तो हरवतो. सत्तेला लॉक 'ट्रस्ट' म्हणतो. मराठीत याला नेमका शब्द आहे: विश्वस्तपण. देवस्थानचे विश्वस्त असतात ना, तसं. दानपेटीतला पैसा विश्वस्तांचा नसतो. तो ठरलेल्या कामासाठी त्यांच्या हाती असतो, आणि त्यांनी तो खाल्ला तर त्यांना काढता येतं, काढणाऱ्याला कुणी बंडखोर म्हणत नाही. राजा म्हणजे मालक नाही, विश्वस्त आहे, एवढं एक वाक्य धरून ठेवलं की लॉकचे बाकी मुद्दे आपोआप सुचतात: जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता यांच्या रक्षणासाठी सत्ता, संमतीशिवाय कर नाही, विश्वासघात झाला तर सत्ता लोकांकडे परत.

पण इथेही पुस्तकातलं वाक्य जरा तपासून घ्या. "लॉकच्या विचारांमुळे इंग्लंडची १६८८ ची क्रांती झाली" हे चूक आहे. ग्रंथ छापून आला १६८९ मध्ये, राजा दुसरा जेम्स पळून गेल्यावर. लिहिला बराचसा त्याआधी, पण तो बासनात होता, आणि लॉक स्वतः जिवाच्या भीतीने हॉलंडमध्ये होता. छापतानाही त्यावर नाव घातलं नाही. लेखक आपण आहोत हे त्याने मान्य केलं ते मृत्युपत्रात. लॉकने क्रांती घडवली नाही, झालेल्या गोष्टीला भाषा दिली. आणि ८७ वर्षांनी अमेरिकेतल्या लोकांना तीच भाषा हाताशी तयार सापडली.

आता तुमच्या शंकेच्या गाभ्याकडे येते: वाचलं कुणी? हे मी वर्गात एका खटल्यावरून शिकवते, आणि तो जरा सावकाश सांगते कारण सगळं त्यात आहे.

दक्षिण फ्रान्समधलं तुलूझ शहर, १३ ऑक्टोबर १७६१ ची रात्र. झाँ कालास हा ६३ वर्षांचा कापडव्यापारी, धर्माने प्रोटेस्टंट. त्या काळी फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट असणं म्हणजे कायद्याच्या लेखी जवळजवळ नसणं. त्यांच्या पद्धतीने लावलेलं लग्न कायदा मानत नसे. थोरला मुलगा मार्क-आंत्वान याला वकील व्हायचं होतं, पण त्यासाठी कॅथलिक असल्याचा दाखला लागे. तो मिळेना, मुलगा खिन्न राहू लागला. त्या रात्री वरच्या मजल्यावर घरची माणसं आणि एक तरुण पाहुणा जेवायला बसले होते. मार्क-आंत्वान जेवून उठला आणि खाली गेला. थोड्या वेळाने पाहुणा निघाला, धाकटा भाऊ दिवा घेऊन त्याला पोचवायला उतरला, तर दुकानापाशी मार्क-आंत्वान मेलेला.

घरच्यांनी पहिल्यांदा सांगितलं, कुणीतरी बाहेरच्याने मारलं. नंतर कबूल केलं, त्याने गळफास घेतला होता. हे खोटं त्यांना भोवलं. पण ते का बोलले? आत्महत्या केलेल्याचं प्रेत रस्त्यावरून फरफटत नेण्याची शिक्षा होती. पोराच्या देहाची ती विटंबना कुठल्या आईबापाला बघवली असती?

तोवर बाहेर गर्दी जमली होती आणि गर्दीतून आवाज उठला: पोरगा कॅथलिक होणार होता, म्हणून बापाने मारला. झालं. चर्चच्या व्यासपीठावरून आवाहन वाचून दाखवलं गेलं, ऐकीव असलं तरी येऊन सांगा. मुलाला हुतात्मा ठरवून थाटात पुरलं. तुलूझच्या न्यायालयात १३ पैकी ८ न्यायाधीशांनी बापाला दोषी ठरवलं. १० मार्च १७६२ रोजी आधी त्याचे हातपाय ताणून, मग घशात पाणी ओतून कबुलीजबाब मागितला गेला. त्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. मग चाकावर बांधून हाडं मोडली, दोन तासांनी गळा आवळला आणि देह जाळला. शेवटपर्यंत तो म्हणत होता, मी निर्दोष आहे.

वर्गात मी हा खटला निकालाशिवाय सांगते. पुरावे चिठ्ठ्यांवर लिहून वाटते आणि मुलांना न्यायाधीश करते. "दोषी की निर्दोष?" असं हात वर करून विचारलं की जवळजवळ दर वर्षी निम्मे हात "दोषी"वर जातात. घरचे खोटं बोलले ना! मग मी सांगते, आता कागद घ्या आणि तुमच्या निकालाची कारणं तीन ओळींत लिहा. इथे वर्ग शांत होतो. ६३ वर्षांच्या म्हाताऱ्याने धडधाकट २८ वर्षांच्या मुलाला एकट्याने कसं टांगलं? एकट्याने नाही म्हणावं तर बायको, मुलगा, पाहुणा आणि मोलकरीण, सगळे रात्रभर बरोबर होते, म्हणजे सगळेच गुन्हेगार. पण ती मोलकरीण तर श्रद्धाळू कॅथलिक, याच घरातल्या दुसऱ्या मुलाच्या धर्मांतराला तिचाच हात लागलेला. ती या खुनात सामील होईल? लिहिता लिहिता मुलं खाडाखोड करायला लागतात. एका मुलीने कोरा कागद परत दिला आणि म्हणाली, "मॅडम, कारण लिहायचं म्हटलं की निकाल देता येत नाही." माझ्या विषयाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

कारण तुलूझच्या न्यायाधीशांना कारण लिहावंच लागलं नव्हतं! फ्रान्सची ही वरिष्ठ न्यायालयं फौजदारी निकालाला कारणं देत नसत. "खटल्यातून जे निष्पन्न झालं त्यावरून" असं एक ठरीव वाक्य लिहिलं की माणूस चाकावर. चौकशी बंद दाराआड. पुराव्याचेही अपूर्णांक मोजायचे: अर्धा पुरावा, पाव पुरावा. व्हॉल्टेअरने यावरच बोट ठेवलं की पाव-पाव अफवा जोडून पूर्ण सत्य होत नसतं.

व्हॉल्टेअर तेव्हा ६७ वर्षांचा होता, जिनिव्हाजवळ फर्नेला राहायचा. बातमी कळली तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं, बाप धर्मवेडा असेल, मारलं असेल. मग त्याने कालासचा सर्वांत धाकटा मुलगा जिनिव्हात होता त्याला बोलावून घेतलं, तासन्‌तास प्रश्न विचारले, आणि त्याचं मत फिरलं. पुढे तीन वर्षं तो या एका खटल्याच्या मागे लागला. दरबारी ओळखीच्यांना पत्रं लिहिली. विधवेला पॅरिसला पाठवलं. वकिलांकडून निवेदनं लिहवून ती छापली, कारण वकिलाच्या सहीच्या निवेदनाला सेन्सॉरची आगाऊ परवानगी लागत नसे, ही कायद्यातली फट त्याला ठाऊक होती. १७६३ मध्ये सहिष्णुतेवरचं त्याचं पुस्तक निघालं. आणि मागणी काय होती? साधी. तुलूझने कागदपत्रं दाखवावीत. निकाल कशावर दिला ते सांगावं.

मार्च १७६३ मध्ये राजाच्या मंडळाने तुलूझकडून कागद मागवले. जून १७६४ मध्ये निकाल रद्द झाला. ९ मार्च १७६५ ला, मृत्युदंडाला तीन वर्षं पुरी होत असताना, ४० न्यायाधीशांनी एकमताने कालासला निर्दोष ठरवलं. राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र दिले. मेलेला माणूस परत आला नाही, पण न्यायाधीशांकडे कारण मागता येतं हे सगळ्या युरोपने पाहिलं.

त्याच सुमारास, १७६४ मध्ये, इटलीतल्या लिव्होर्नोला एक छोटं निनावी पुस्तक छापलं गेलं. लेखक मिलानचा २६ वर्षांचा तरुण, चेझारे बेक्कारिया. त्याच्या मित्रमंडळातल्या एकाकडे कैद्यांची विचारपूस करण्याचं सरकारी काम होतं, त्यामुळे तुरुंगात काय चालतं ते या तरुणांना जवळून माहीत होतं. छळाबद्दल त्याचा युक्तिवाद एका श्वासात सांगता येतो. गुन्हा सिद्ध झालाय की नाही? झाला असेल तर कबुली कशाला हवी, कायद्याने ठरलेली शिक्षा द्या. झाला नसेल तर तुम्ही निर्दोष माणसाला छळताय. आणि छळातून सत्य कळत नाही, शरीर किती चिवट आहे तेवढंच कळतं: दणकट गुन्हेगार सुटतो, नाजूक निर्दोष अडकतो. तुम्ही पाठ केलेल्या पाच नावांत बेक्कारिया नाही. माझ्या मते सामान्य माणसाच्या अंगावर ज्याचा परिणाम सर्वांत थेट झाला असा लेखक तोच.

आता पाहा, हे वाचलं कुणी. शेतकऱ्याने नाही. खुर्चीत बसलेल्यांनी वाचलं. ऑस्ट्रियात मारिया थेरेसाने १७७६ मध्ये छळाची पद्धत बंद केली, तिच्याच दरबारातला कायदेपंडित झोनेनफेल्स तिच्या मागे लागला होता. तिचा मुलगा लेओपोल्ड टस्कनीचा अधिपती होता, त्याने १७८६ मध्ये मृत्युदंडच रद्द केला. फ्रान्समध्ये कबुलीसाठीचा छळ १७८० मध्ये गेला. आणि १७९० च्या कायद्याने न्यायालयांना प्रत्येक निकालाची कारणं देणं बंधनकारक झालं. तुलूझचं ते ठरीव वाक्य कायमचं संपलं.

खुर्चीतल्या माणसाचं सर्वांत सुंदर उदाहरण मालझेर्बचं. हा फ्रान्समध्ये छपाईवर देखरेख करणारा मुख्य अधिकारी, म्हणजे सेन्सॉरच. दिदरो आणि दालांबेर यांचा ज्ञानकोश १७५१ पासून निघायला लागला. पहिल्याच खंडात दिदरोने लिहिलं की दुसऱ्यावर हुकूम चालवायचा हक्क निसर्गाने कुणालाही दिलेला नाही. पुढच्या वर्षी बंदी आली, हस्तलिखितं जप्त करण्याचा हुकूम निघाला. मालझेर्बने दिदरोला आधीच निरोप धाडला: कागद लपवा. दिदरो म्हणाला, एवढे कागद एका दिवसात कुठे नेऊ? मालझेर्ब म्हणाला, माझ्याकडे पाठवा, तिथे कुणी शोधणार नाही. याच माणसाने पुढे प्रोटेस्टंटांच्या लग्नांना मान्यता मिळावी म्हणून टिपणं लिहिली, आणि नोव्हेंबर १७८७ मध्ये राजाने तशी सनद काढली. कालास कुटुंबाला जे मिळालं नाही ते २६ वर्षांनी हजारो कुटुंबांना मिळालं.

इथवरचं दोन वाक्यांत सांगते. पुस्तकं गर्दीपर्यंत पोचली नाहीत तरी कारकून, वकील, न्यायाधीश, मंत्री, राजे यांच्यापर्यंत पोचली. आणि ज्या गोष्टीवर त्यांनी काल डोळे मिटून सही केली, तीवर आज सही करताना त्यांचा हात अडखळू लागला.

माँटेस्क्यूवर फार वेळ घालवत नाही, कारण तो तुम्हाला पाठ्यपुस्तकात बऱ्यापैकी भेटतो. एवढंच लक्षात ठेवा की तो स्वतः बोर्दोच्या न्यायालयात वरिष्ठ न्यायाधीश होता. ते पद त्याला काकाकडून वारशाने मिळालं आणि त्याने पुढे विकलंही, तशी पद्धतच होती. तेव्हा सत्ता कशी चालते हे त्याला आतून माहीत होतं. १७४८ च्या ग्रंथात त्याने कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे हात वेगळे ठेवा म्हटलं, आणि नमुना म्हणून इंग्लंड दाखवलं. गंमत अशी की इंग्लंडमध्ये मंत्री संसदेतच बसत, त्यामुळे विभागणी त्याने रंगवली तितकी स्वच्छ नव्हती. पण १७८७ मध्ये अमेरिकेचं संविधान लिहायला फिलाडेल्फियाला जमलेल्यांनी तीच कल्पना उचलली. त्यांच्यातल्या मॅडिसनने पुढे लेखांतून संविधानाची बाजू मांडताना माँटेस्क्यूचाच दाखला दिला आणि त्याचा अर्थ नेमका केला: तिन्ही हात एकमेकांना अजिबात न शिवणारे नकोत, पण एकाची सगळी सत्ता दुसऱ्याच्या मुठीत जाऊ नये. आपल्या संविधानाचं कलम ५० न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी ठेवायला सांगतं, ते वाचताना ही साखळी आठवा.

रूसोबद्दल माझं मत बाकी शिक्षकांपेक्षा थोडं वेगळं आहे. हॉब्ज सोडला तर बाकीचे सगळे सत्तेला आवर घालायचा विचार करतात. रूसो विचारतो, ही सत्ता माझी स्वतःची का असू नये? मी पाळतो तो कायदा मीच केलेला असेल तर पाळूनही मी स्वतंत्र. जिनिव्हाच्या घड्याळजीचा हा मुलगा, त्याला अपमान आणि विषमता पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. १७५५ च्या निबंधात त्याने दारिद्र्य आणि श्रीमंती नैसर्गिक नसून माणसाने घडवलेली आहे म्हटलं, आणि "समाज" हाच चौकशीचा विषय केला. लॉकला मालमत्ता हा हक्क वाटला, रूसोने विचारलं की पहिलं कुंपण घालून "हे माझं" म्हणणाऱ्यावर बाकीच्यांनी विश्वास का ठेवला. पण त्याच्या 'सामूहिक ईहे'त, म्हणजे सगळ्या समाजाची मिळून जी एक इच्छा तो मानतो तिच्यात, धोकाही आहे. ती ईहा कोणती हे ठरवणार कोण? "माणसाला स्वतंत्र व्हायला भाग पाडावं लागेल" हे वाक्य त्याचंच आहे, आणि क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये १७९३-९४ साली लोकांच्या नावाने लोकांचीच डोकी उडवली गेली. त्याचा सगळा दोष १७७८ मध्ये वारलेल्या रूसोवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पण विद्यार्थ्याने हे वाक्य वाचून दचकलं पाहिजे, आणि मी दरवर्षी ते फळ्यावर लिहिते.

आता जे अप्रिय आहे ते. विवेकाच्या नावाने बोलणाऱ्या या मंडळींच्या "माणूस" या शब्दात सगळी माणसं नव्हती. लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात "सर्व माणसं समान" लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते. रूसोच्या लेखी मुलीचं शिक्षण नवऱ्याला सुख देण्यासाठी. काँडोर्सेने १७९० मध्ये बायकांना नागरिकत्व द्या म्हणून लिहिलं, ऑलिंप द गूजने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामाच लिहिला, स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे म्हणाली. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला वधस्तंभच मिळाला.

तरीही मी हा विषय जीव तोडून शिकवते, कारण कारण मागायची सवय एकदा लागली की ती मालकांपुरती राहत नाही. सेंट डोमिंग (आजचं हैती) या फ्रेंच वसाहतीत ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. फ्रेंच सभेला १७९४ मध्ये गुलामी रद्द करावी लागली, नेपोलियनने ती परत आणायला फौज पाठवली, आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. फ्रेंच क्रांतीतला १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिसपेक्षा त्यांनी जास्त गंभीरपणे घेतला.

आणि ही सवय आपल्याकडेही पोचली. टॉमस पेन या इंग्रज लेखकाचं मानवी हक्कांवरचं पुस्तक जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं होतं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पेनने वंशपरंपरागत राजाला जो प्रश्न विचारला, तो जोतीरावांनी वंशपरंपरागत पुरोहिताला विचारला. इतक्या दूरचं हत्यार आपल्या दुखण्याला इतकं नेमकं लावणारा माणूस विरळा. बाबासाहेबांची भूमिका मात्र लिहिताना नीट लिहा, परीक्षेत इथे सर्रास चूक होते. १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. म्हणजे कारण मागण्याची परंपरा एकट्या युरोपची नाही, आणि हा मुद्दा उत्तरात आला पाहिजे.

शेवटी अभ्यासाचं. पाच जणांचे पाच-पाच मुद्दे पाठ करणं आता थांबवा. १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा मिळवा, १७ कलमं आहेत, दोन-तीन पानांत संपतात. पेन्सिल घेऊन प्रत्येक कलमाच्या शेजारी लिहा की हे कुणाचं बोट धरून आलं. कलम ६, कायदा म्हणजे सर्वांची सामूहिक ईहा: रूसो. कलम ८, गुन्ह्याआधी केलेल्या कायद्याशिवाय शिक्षा नाही: तिथे बेक्कारिया लिहा आणि बाजूला आपलं कलम २०. कलम ९, सिद्ध होईपर्यंत निर्दोष: कालास. कलम १०, धार्मिक मतांवरूनही कुणाला त्रास नको: परत कालास. कलम १६, जिथे हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी नाही तिथे संविधानच नाही: माँटेस्क्यू. आणि कलम १, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, त्याच्या शेजारी थोडी जास्त जागा सोडा. तिथे आधी १७९१ लिहा, मग १८०४, मग १८७३. काही कलमांपुढे तुम्हाला कुणाचंच नाव सुचणार नाही. ती कलमं मला कळवा, त्यावर पुढे बोलू.